हेटाळणीला उत्तर काय द्यावे?
(द्वितीय वर्ष, कला)

“तुझं कपाळ असं मोकळं का गं?”

प्रथम वर्षाला प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणारीच्या मनात काही वाकडे नव्हते. पण मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, “अगं, ते पाववाले असतील,” आणि दोघीतिघी तोंडावर ओढणी धरून हसल्या. मी काय उत्तर दिले असेल? मी म्हटले, “मला टिकलीची अ‍ॅलर्जी आहे. पुरळ उठतं.”

वाचकहो, हा लेख त्या पुरळाविषयी आहे. ते माझ्या कपाळावर कधीच उठले नाही. मनात मात्र वर्षभर उठत राहिले.

मी ख्रिस्ती आहे. आमच्या घरातल्या बायका कुंकू लावत नाहीत. काही ख्रिस्ती घरांत लावतात, आमच्याकडे पणजीपासून लावत नाहीत, एवढेच. रहिमतपूरपासून पाच-सहा किलोमीटरवर आमचे गाव. वडील गवंडीकाम करतात, आई आल्याच्या लागणीला आणि काढणीला मजुरीने जाते. घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. तेव्हा विद्वत्तेच्या गोष्टी माझ्याकडून अपेक्षू नयेत. जे अंगावर आले आणि त्यावरून जे थोडेफार वाचले, तेवढेच येथे मांडते आहे.

त्या पहिल्या खोट्यानंतर दुसरे सोपे गेले. डिसेंबरात नाताळसाठी दोन दिवस गैरहजर राहिले. मैत्रिणींना सांगितले, मामाच्या गावी लग्न होते. तिसऱ्या वेळी तर मला बोलावेही लागले नाही. मोबाईलवरच्या आमच्या वर्गाच्या ग्रूपवर कोणीतरी एक विनोद टाकला. तांदळाच्या एका पोत्यावर देव बदलणाऱ्यांविषयीचा तो विनोद होता. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आपण एकटेच गप्प राहिलो तर ओळखू येऊ, या भीतीने मीही एक हसणारा चेहरा टाकला.

त्या पोत्यातले तांदूळ माझ्या पणजोबाने खाल्ले असे तो विनोद म्हणत होता, आणि मी हसले होते.

पुढे उत्तम शुक्रवार आला. आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शुभवर्तमान मी तिला वाचून दाखवते. त्या दिवशी पेत्राचा प्रसंग वाचायचा होता. येशूला धरून नेले आहे, बाहेर अंगणात शेकोटी पेटली आहे आणि पेत्र इतरांबरोबर हात शेकत उभा आहे. तू त्याच्यातलाच ना, असे त्याला तीनदा विचारले जाते. तीनदा तो नाही म्हणतो, आणि कोंबडा आरवतो. हे मी लहानपणापासून दहा-बारा वेळा वाचले असेल. पण त्या दिवशी कोंबड्यापाशी आल्यावर माझा आवाज बसला. अ‍ॅलर्जी, लग्न आणि हसणारा चेहरा. माझेही तीनच होते. आजीने विचारले, “काय गं, थांबलीस का?” मी म्हटले, “घसा कोरडा पडला.” म्हणजे चौथेही झाले!

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. धर्मावरून कोणी टिंगल केली, विरोध केला, तर ख्रिस्ती माणसाने उत्तर काय द्यावे?

पहिले उत्तर लपण्याचे. ते मी देऊन पाहिले आहे. त्यात अंग वाचते, पण आपल्याच माणसांना आपण पायरीखाली उभे करतो. आजीचा हात धरून देवळात जायचे आणि बाहेर आल्यावर तो हात सोडायचा, असा तो प्रकार आहे.

दुसरे उत्तर उलट टिंगलीचे. तुम्ही आमच्या पावाला हसता, आम्ही तुमच्या अमक्याला हसू. हे उत्तर जिभेवर लवकर येते, कारण गावात राहून आम्हालाही सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या ठाऊक असतात. आणि येथे आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. दुसऱ्याच्या देवाला नावे ठेवणे म्हणजेच आपली भक्ती, असे समजणारे लोक आमच्यातही आहेत. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात धर्मावरून जे वादविवाद झाले, त्यांत दोन्ही बाजूंनी पुष्कळ चिखलफेक झाली. ज्याने शेजाऱ्याच्या श्रद्धेची टर उडवली, त्याला आपली उडवली म्हणून गळा काढण्याचा अधिकार उरत नाही.

तिसरे उत्तर उपकार मोजून दाखवण्याचे. मिरजेचा दवाखाना कोणी काढला? मुलींच्या शाळा कोणी काढल्या? हे उत्तर आमच्याकडे फार चालते, आणि त्यातली माहिती खोटी नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९० नंतरच्या काळात मिरजेला रुग्णालय उभे केले आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली, सर्व जातिधर्मांची माणसे तेथे बरी होऊन आली. माझी आजीही एकदा रहिमतपूर स्टेशनावरून गाडीने मिरजेला जाऊन शस्त्रक्रिया करून आली आहे. पण सेवा केली ती केली. तिचे बिल शंभर वर्षांनी टिंगल करणाऱ्याच्या हातात ठेवले, तर ती सेवा राहील का? शिवाय ते काम वानलेसांचे. मी त्यात एक पट्टीसुद्धा बांधलेली नाही. दुसऱ्याच्या पुण्याईवर आपली मान ताठ करणे मला पटत नाही.

मग खरे उत्तर कोणते? ते शोधताना मला आपल्याच मातीतली काही माणसे भेटली.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण घराण्यातला कवी ख्रिस्ती झाला म्हणून केवढा गहजब झाला असेल! पण ज्यांनी धर्म बदललाच नव्हता त्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला अधिक आले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाइकांची कीव आणि लोकांची बोलणी दोन्ही सोसावी लागली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचे सोवळे-ओवळे कडक होते. ते मनातून गळून पडायला वेळ लागला आणि पुढे १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. या सर्वांची हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितली. १९३४ पासून भागाभागांनी ते पुस्तक प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!

त्या पुस्तकात मला काय सापडले? राग काढायला भरपूर जागा असताना त्या बाईने राग काढला नाही. तिने हसून सांगितले, आणि सर्वांत जास्त ती स्वतःला हसली. जो स्वतःच्या फजितीवर मोकळेपणाने हसतो, त्याला दुसऱ्याचे हसणे फारसे बोचत नाही. माझ्या लक्षात आले की मागच्या बाकावरचे हसू मला लागले, कारण मी स्वतःकडे त्यांच्याच डोळ्यांनी पाहत होते.

टिळकांचे उत्तर निराळे होते. ख्रिस्ती झालास म्हणजे परका झालास, या आरोपाला त्यांनी मराठी भाषेने उत्तर दिले. विलायती चालीवर ओढूनताणून बसवलेली गाणी गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग आणि भजने दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. मिशनच्या साहेबी रीतीभातींशीही त्यांचे पटले नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि आपल्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. १९१९ साली ते वारले आणि तो दरबार फार वाढला नाही. परंतु रहिमतपूरहून साताऱ्याला एस.टी.ने जाताना मला दर वेळी वाटते, हा माणूस याच शहरात भगव्या विचाराने ख्रिस्त सांगत होता, आणि आम्हाला मात्र लोक विचारतात, “तुम्ही इंग्रजीत प्रार्थना करता का?”

इंग्रजीत! आमच्या आजीला इंग्रजी एकच शब्द येतो, ‘टायम’. ती देवाशी बोलते ती अस्सल कोरेगाव तालुक्याच्या मराठीत, आणि देवाला ते समजते अशी तिची खात्री आहे. फादर थॉमस स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले. हजारो ओव्यांचा तो ग्रंथ. तो माणूस मूळचा इंग्रज, पण ज्ञानोबांच्या भाषेच्या प्रेमात पडला. म्हणजे मराठीत ख्रिस्ताचे नाव घेण्याला चारशे वर्षे होऊन गेली. चारशे वर्षे घरात असलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत.

तिसऱ्या पंडिता रमाबाई. संस्कृतच्या ज्ञानावर कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. तरुणपणीच वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि टाळ्या वाजवणारे हात दगडासाठी वाकले. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. काही मुली त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले आणि कितीतरी मुलींना पालकांनी परत नेले. गंमत अशी की दुसऱ्या बाजूने विलायतेतले चर्चवालेही त्यांच्यावर नाराज होते. कारण ही बाई आमच्या सांगण्याप्रमाणे चालत नाही, प्रश्न फार विचारते!

दोन्हीकडून मार खाल्लेल्या या बाईने काय केले? काम केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते काम पुरे करून १९२२ साली त्यांनी डोळे मिटले. शारदा सदनात प्रथम राहिलेल्या मुलींपैकी गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. टीका करणाऱ्यांना रमाबाई लेखाला लेख लिहून उत्तर देत बसल्या असत्या, तर त्या मुलींना भाकरी कोणी घातली असती?

आणि अगदी अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष म्हणून फादरांची निवड झाली. ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ होती. लगेच विरोध सुरू झाला, धमक्याही आल्या. ज्या माणसाने ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ मराठीला दिला, वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरून लढा दिला, त्याला मराठीपण सिद्ध करायला सांगितले जात होते! फादर आजारी होते, तरी संमेलनाला गेले. कोणाला शिवी दिली नाही आणि माघारही घेतली नाही. २०२४ साली ते गेले, तेव्हा वसईत सर्व धर्मांची माणसे हळहळली. विरोध करणारी पत्रे आज कोणाला आठवतात?

ही सर्व ख्रिस्ती माणसे झाली. परंतु हेटाळणी ही काही आमचीच मक्तेदारी नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. नाहीतर आम्ही तेवढे सोसणारे आणि बाकीचे सारे छळणारे, असा भलताच अर्थ निघायचा. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या म्हणजे लोक शेण आणि चिखल फेकत. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध हो म्हणून सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि राहते वसतिगृह सुटले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. माझ्यासारखी गवंड्याची मुलगी आज पदवीच्या वर्गात बसते, त्यात त्या नाकारलेल्या आंघोळीचा वाटा आहे. त्याही आधी, संन्याशाची पोरे म्हणून आळंदीत कोणाला हिणवले, हे काय सांगायला हवे? नाथांच्या अंगावर कोणी पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ पुनःपुन्हा गोदावरीत स्नान करून आले, ही कथा आजी मला येशूच्या गोष्टींइतक्याच प्रेमाने सांगते. एकदा मी तिला म्हटले, “आजी, नाथ तर आपले नव्हेत.” ती म्हणाली, “आगं, जो थुंकी सोसतो त्यो समद्यांचाच.”

आता एका आरोपाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तेथे गप्प बसणे म्हणजे खोट्याला मान डोलावणे. तो आरोप म्हणजे तांदळाचे पोते. ख्रिस्ती झाले ते लालूच दाखवल्यामुळे झाले, असे सर्रास म्हटले जाते. सर्वांच्या मनातले मी सांगू शकत नाही. कोणी लोभाने गेले असतील, माणसे सगळीकडे सारखीच. पण माझ्या पणजोबाची गोष्ट घरात जपलेली आहे. गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा, मेलेली ढोरे ओढणारा तो माणूस. एका प्रचारकाने त्याला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवले आणि त्याच्या तांब्यातले पाणी मागून प्यायले. पणजोबा घरी येऊन पणजीला एवढेच म्हणाला, “त्यानं माज्या हातचं पानी घेतलं.” आमच्या घराण्याला मिळालेली लालूच ती हीच, तांब्याभर पाणी. आणि तेसुद्धा आम्हीच दिलेले!

पाव विहिरीत टाकला, ते पाणी प्यायलेले सगळे बाटले, अशीही एक गोष्ट लोक सांगतात. ती सांगताना सगळे पाव टाकणाऱ्याला हसतात किंवा शिव्या देतात. पण नकळत पाणी प्यायलेल्या माणसाला ‘आता तू आमचा नाहीस’ असे कोण म्हणाले? त्याच्याच घरचे, गावचे. त्या गोष्टीतला हा अर्धा भाग कोणी सांगत नाही.

लालचीचा हिशेब मांडायचाच तर आणखी एक कलम त्यात घातले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांसाठी मात्र त्या दुरुस्त्यांनी दार उघडले नाही. म्हणजे कागदोपत्री ख्रिस्ती राहण्याने मिळाले काही नाही, गेले मात्र पुष्कळ. तरीही माझ्या वडिलांनी माझ्या शाळेच्या दाखल्यावर धर्म खरा लिहिला. त्यांना विचारले तर म्हणतात, “खोट्या पायावर भिंत उभी ऱ्हात न्हाई.” गवंड्याचे तत्त्वज्ञान आहे, पण मला ते पुस्तकी तत्त्वज्ञानापेक्षा भारी वाटते. त्याच गवंड्याची मुलगी टिकलीच्या अ‍ॅलर्जीचा पाया घालून कॉलेजात उभी होती!

मात्र आमच्या अंगणातला कचराही मी झाकणार नाही. जात सोडून आलो म्हणणाऱ्या आमच्या मंडळीत सोयरीक जमवताना मूळची जात विचारतात. बाहेरच्याने हिणवले तर तो छळ, आणि आत आपणच हिणवले तर ती रीत, असे कसे चालेल? बाहेरच्या टिंगलीने ख्रिस्ताचे नाव जेवढे लहान होत नाही, तेवढे आमच्या या वागण्याने होते.

येथे कोणी म्हणेल, तुमच्या धर्मात तर एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा असे सांगितले आहे, मग बोलायचा प्रश्नच कोठे येतो? मलाही असेच वाटे. पण शुभवर्तमान पुन्हा नीट वाचले तेव्हा एक जागा दिसली. येशू प्रमुख याजकापुढे उभा असताना एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली. येशूने हात उगारला नाही, पण तो मुकाही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते काय ते दाखव, बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने त्या माणसाला विचारले. केवढा साधा प्रश्न आहे हा! त्यात शिवी नाही, शाप नाही आणि लाचारीही नाही. मारणाऱ्याला माणूस समजून त्याच्याकडे मागितलेले ते उत्तर आहे.

पौलाचीही एक गोष्ट तशीच. त्याला फटके मारायला बांधले, तेव्हा त्याने विचारले, चौकशीवाचून रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय? म्हणजे कायद्याचा आधार घेणे हे श्रद्धेच्या कमकुवतपणाचे लक्षण नव्हे. आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याची हाक कधी मारायची एवढेच तारतम्य हवे. माझ्या कपाळाला कोणी हसले म्हणून मी पोलिसात जाणार नाही. पण कोणाच्या प्रार्थनेची जागा मोडली, कोणाला पुरायला जागा नाकारली, कोणाला मारहाण झाली, तर तेथे क्षमेचे नाव घेऊन घरात बसणे हा भित्रेपणा होईल. माझा अपमान मी माफ करू शकते. दुसऱ्यावरचा अन्याय त्याच्या वतीने माफ करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

सारांश, मला समजलेले उत्तर असे. टोमणा फक्त मला असेल तर सोडून द्यावा, जमले तर लक्ष्मीबाईंसारखे हसावे. टोमण्यात खोटे असेल तर आवाज न चढवता खरे सांगावे. अन्याय असेल तर कायद्याने उभे राहावे, मग ज्याच्यावर झाला तो कोणत्याही धर्माचा असो. आणि या सगळ्यांच्या मुळाशी पहिली अट अशी की लपू नये. कारण लपलेल्या माणसाला कोणतेच उत्तर देता येत नाही. नम्रतेने आणि आदराने उत्तर द्यायला सदैव तयार असावे, असा उपदेश बायबलातल्या एका पत्रात आहे. ते पत्र पेत्राच्या नावाचे आहे, शेकोटीपाशी तीनदा नाही म्हणणाऱ्या त्याच पेत्राच्या. म्हणजे कोंबडा आरवल्यानंतरही माणसाला वेळ असतो!

यंदा जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झाले. पहिल्याच दिवशी एका नव्या मुलीने विचारले, “टिकली नाही लावत?” मी म्हटले, “नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या घरी लावत नाहीत.” माझे हात थंड पडले होते. ती म्हणाली, “हो का?” आणि लगेच विचारले, “इतिहासाचं पुस्तक आहे का तुझ्याकडे?” एवढेच झाले. ज्या वाक्याला मी वर्षभर भ्याले, त्याचे वजन समोरच्याच्या लेखी एवढेच होते.

सगळ्यांच्या लेखी तसे नव्हते. मागच्या बाकावरच्या एकीने अजूनही ‘पाववाली’ सोडलेले नाही. एकदा कँटीनमध्ये ती वडापाव खात असताना मी तिला म्हटले, “आमच्या घरी तीन वेळा ज्वारीची भाकरी असते गं, पाव तर तूच खातेस.” सगळ्या हसल्या, तीही हसली. मैत्री झाली असे नाही. पण आता ती मला ‘पाववाली’ म्हणते तेव्हा तिला स्वतःलाच थोडे हसू येते. तांदळाच्या विनोदावर टाकलेला माझा तो हसरा चेहरा मात्र मी परत घेऊ शकले नाही. म्हणून त्याच ग्रूपवर पणजोबाच्या तांब्याची गोष्ट लिहिली. बरेच जण काही बोलले नाहीत. एकाने खाजगीत लिहिले, “माहीत नव्हतं. सॉरी.” विनोद टाकणारा तो नव्हताच, तरी त्याने माफी मागितली.

आमच्या शेजारच्या काकू संक्रांतीला हळदीकुंकू करतात. त्या आईला दर वर्षी बोलावतात. आई जाते. काकू बाकीच्यांना कुंकू लावतात, आईच्या हातात एक फूल देतात, तिळगूळ देतात, वाण देतात. ना काकूंनी कधी विचारले, ना आईने कधी सांगितले. नाताळाला आमच्या करंज्यांचे पहिले ताट त्यांच्याकडे जाते. दोघींनीही धर्मावर एकही व्याख्यान ऐकलेले नाही.

आपल्या गावाच्या नावात ‘रहिमत’ आहे. रहमत म्हणजे दया, कृपा. येथे रणदुल्लाखानाची कबर आणि मशीद आहे, चौंडेश्वरीचे देऊळ आहे, आणि सकाळच्या गाडीने येणारी माझ्यासारखी मोकळ्या कपाळाची मुलगीही आहे. दयेच्या गावात राहणाऱ्यांनी एकमेकांना निदान खरे सांगता येईल आणि ऐकता येईल एवढी जागा ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे.

हा लेख छापून आला की आजीला वाचून दाखवणार आहे, टिकलीच्या अ‍ॅलर्जीसकट. या वेळी घसा कोरडा पडला असे सांगणार नाही.